क्रिप्टोची वीज आणि सरकारी धोरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिप्टो आणि पर्यावरण हा विषय निघाला की दोन टोकं लगेच समोर येतात. एक म्हणतं, बंदी घाला. दुसरं म्हणतं, हे सगळं अक्षय ऊर्जेवरच चालतं, उगाच बोंब मारू नका. गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या सरकारांनी प्रत्यक्ष काय केलं ते पाहिलं की दोन्ही बाजूंची हवा बरीच कमी होते. या पानावर भर त्या निर्णयांवर आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. हा प्रश्न चलनाचा कमी आणि विजेचा जास्त आहे. ज्या सरकारांनी तो वीजखात्याकडे दिला त्यांना काहीतरी साधलं. बाकीच्यांनी बरीचशी घोषणाबाजीच केली.

बिटकॉइनला वर्षाला किती वीज लागते?

केंब्रिज विद्यापीठातला एक गट हा हिशेब सातत्याने मांडतो. त्याच्या एप्रिल २०२५ च्या अहवालातला आकडा वर्षाला सुमारे १३८ टेरावॅट-तास, म्हणजे १३८ अब्ज युनिट इतका आहे. भारतात २०२३-२४ मध्ये सगळी मिळून साधारण १,७४० अब्ज युनिट वीज तयार झाली, म्हणजे त्याच्या सुमारे आठ टक्के वीज एकटं बिटकॉइन खातं. त्यातून होणारं उत्सर्जन त्याच अहवालानुसार वर्षाला चार कोटी टनांच्या आसपास आहे.

हे आकडे अंदाज आहेत. माइनर (मशीन चालवून नवी नाणी मिळवणारा) कोण, कुठे आणि कोणती मशीन चालवतो याची नोंद कोणाकडेच पूर्ण नसते. त्यामुळे दोन अभ्यासांत बरंच अंतर पडतं आणि प्रत्येक बाजू आपल्याला सोयीचा आकडा उचलते.

पण इतकी वीज लागते तरी कशाला?

बिटकॉइनच्या ‘प्रूफ ऑफ वर्क’ पद्धतीत व्यवहारांच्या सामाईक नोंदवहीला (हीच ब्लॉकचेन) दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे नव्या नोंदींचा गठ्ठा, जोडायचा असतो. तो जोडण्याचा मान, आणि त्याबरोबरची नवी नाणी, एका ठरावीक अटीत बसणारा आकडा सगळ्यांत आधी सापडेल त्याला मिळतात. आकडा शोधायला हुशारी लागत नाही. नुसते अंदाज मारत राहायचं असतं, सेकंदाला लाखो कोटी वेळा. लॉटरीच म्हणा, फक्त तिकिटं विजेने विकत घ्यायची.

खरी मेख पुढे आहे. जास्त मशीन आली म्हणून नाणी जास्त निघत नाहीत. दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, नेटवर्क कोड्याची काठिण्यपातळी बदलतं आणि दहा मिनिटांचा वेग कायम ठेवतं. म्हणून फ्रिज-एसीवर असतात तसे ‘स्टार’ लावून इथे भागत नाही. मशीन दुप्पट कार्यक्षम झालं तर माइनर विजेचं बिल निम्मं करत बसत नाही, तेवढ्याच बिलात दुप्पट अंदाज मारतो. किती वीज जाळणं परवडतं हे दोनच गोष्टींवर ठरतं: नाण्याचा भाव आणि विजेचा दर. पहिली सरकारच्या हातात नाही. दुसरी पुष्कळ अंशी आहे.

‘एका बिटकॉइन व्यवहारात घराची अमुक दिवसांची वीज जाते’ हे खरं का?

गणित म्हणून बरोबर, अर्थ म्हणून फसवं. एकूण विजेला व्यवहारांच्या संख्येने भागलं की असा आकडा मिळतो. पण तुम्ही आज व्यवहार केला नाही म्हणून तेवढी वीज वाचत नाही. ब्लॉक रिकामा असो वा भरलेला, मशीन तितकीच गरम होतात. धोरण आखताना व्यवहारांवर कर लावून माइनिंगची वीज घटेल असं समजणं इथूनच चुकतं.

मग ब्लॉकचेनच वाईट म्हणायची का?

नाही. इथे सरसकट एकच काठी फिरवण्यात अर्थ नाही. इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो नेटवर्कने १५ सप्टेंबर २०२२ ला ‘प्रूफ ऑफ वर्क’ सोडून ‘प्रूफ ऑफ स्टेक’ स्वीकारलं. त्यात अंदाज मारण्याची शर्यतच नसते. नाणी तारण ठेवणाऱ्यांतून पाळी ठरते. वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त खाली आला, तोही कुठल्या सरकारने सांगितलं म्हणून नव्हे.

घरचं उदाहरण द्यायचं तर गडचिरोलीच्या एटापल्लीत २०२२ मध्ये जातीच्या दाखल्यांची नोंद पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर करण्याचा प्रयोग झाला. पॉलिगॉन ‘प्रूफ ऑफ स्टेक’वर चालतं. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘विश्वस्य’ नावाची ब्लॉकचेन व्यवस्था सुरू केली. ती भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबादच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये आहे. तिथे कोण नोंद करणार हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे शर्यतीचा प्रश्नच येत नाही. अशा व्यवस्थेचा वीजवापर एखाद्या सरकारी खात्याच्या सर्व्हरइतपत असतो. तिथे विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: हेच काम साध्या डेटाबेसने झालं नसतं का?

इथेरियमला जमलं, तर बिटकॉइनला कायद्याने बदलायला लावता येणार नाही का?

नोटीस बजावायची कोणावर? बिटकॉइनला कंपनी नाही, संचालक मंडळ नाही. जगभर पसरलेल्या माइनरनी आणि नोड (नोंदवहीची प्रत ठेवणारे संगणक) चालवणाऱ्यांनी जवळपास एकमताने ठरवावं लागेल, आणि ज्यांनी कोट्यवधींची मशीन घेतली आहेत ते ती भंगारात घालायला हात वर करणार नाहीत.

युरोपीय संघात आडवळणाने प्रयत्न झाला होता. ‘मायका’ या क्रिप्टोविषयीच्या कायद्याच्या मसुद्यात ‘प्रूफ ऑफ वर्क’ची नाणी युरोपात जवळजवळ चालूच नयेत अशी तरतूद सुचवली गेली. युरोपीय संसदेच्या अर्थविषयक समितीने १४ मार्च २०२२ ला ती मतदानात फेटाळली. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वीडनच्या वित्त नियामकाने आणि पर्यावरण खात्याने मिळून युरोपभर बंदीची मागणी केली होती. तीही तिथेच विरली. पुढे स्वीडनने साधा मार्ग धरला: डेटा सेंटरना वीजकरात मिळणारी सवलत जुलै २०२३ पासून काढून घेतली.

चीनने तर सरळ बंदी घातली. त्याने काय झालं?

हे उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे, कारण एवढा मोठा प्रयोग दुसऱ्या कोणी केलेला नाही.

२०२१ च्या सुरुवातीपर्यंत जगातलं निम्म्याहून जास्त माइनिंग चीनमध्ये होतं. माइनर ऋतूप्रमाणे स्थलांतर करायचे. पावसाळ्यात सिचुआनच्या धरणांवर वीज मातीमोल भावाने मिळायची, तेव्हा मशीन ट्रकमध्ये घालून तिकडे न्यायची. पाणी आटलं की शिनजियांग आणि इनर मंगोलियाच्या कोळशाकडे परत. मे २०२१ मध्ये केंद्रीय पातळीवरून माइनिंगवर कारवाईची घोषणा झाली. आधी कोळशाच्या प्रांतांवर बडगा आला, पण जूनमध्ये सिचुआनचीही वीज तोडली गेली. सप्टेंबरमध्ये चीनच्या मध्यवर्ती बँकेने क्रिप्टोचे सगळेच व्यवहार बेकायदा ठरवले.

केंब्रिजच्या देशवार माइनिंगच्या तक्त्यात जुलै २०२१ मध्ये चीनचा वाटा शून्यावर आला. पण मशीन काही वितळवली नव्हती. ती कंटेनरमध्ये भरून कझाकस्तान, अमेरिका आणि रशियाकडे निघाली. अमेरिका पहिल्या क्रमांकावर गेली. पर्यावरणाचं काय? २०२२ मध्ये ‘जूल’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने म्हटलं की बिटकॉइनच्या विजेतला अक्षय वाटा सुमारे ४२ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर घसरला. सिचुआनचं पाणी गेलं आणि कझाकस्तानचा कोळसा आला. आणखी गंमत म्हणजे काही महिन्यांतच त्याच तक्त्यात चीन पुन्हा वीस टक्क्यांच्या आसपास दिसू लागला, यावेळी लपूनछपून.

म्हणजे बंदी फसली का? चीनच्या स्वतःच्या हिशेबाने तशी फसली नाही. त्यांना आपल्या प्रांतांचे ऊर्जेचे आकडे खाली आणायचे होते आणि पैसा देशाबाहेर जाणं थांबवायचं होतं. हवामानाच्या हिशेबाने मात्र बोजा शेजाऱ्याच्या अंगणात गेला, एवढंच.

कझाकस्तानने त्या बोजाचं काय केलं?

सुरुवातीला स्वागत केलं, मग डोक्याला हात लावला. २०२१ च्या हिवाळ्याआधीच तिथे विजेची टंचाई जाणवू लागली. जानेवारी २०२२ पासून माइनिंगच्या प्रत्येक युनिटमागे एक टेंगे (तिथलं चलन) कर आला. तो कमी पडतो असं दिसल्यावर टप्पे लावले गेले: स्वस्त वीज घेणाऱ्याला जास्त कर, अक्षय ऊर्जेवर चालणाऱ्याला कमी. पुढे २०२३ मध्ये परवाना पद्धतही आली. माझ्या मते जगातल्या सगळ्या प्रयोगांत हा टप्प्यांचा कर सर्वांत विचारपूर्वक आखलेला आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

इराणची गोष्ट याच्या उलट. २०१९ मध्ये माइनिंगला उद्योगाचा दर्जा आणि परवाने दिले, पण परवानाधारकाला वीज निर्यातीच्या चढ्या दराने घ्यायची अट घातली. बाकी देशात अनुदानाची वीज जवळपास फुकट होती. साहजिकच लोक परवान्याच्या वाटेला गेले नाहीत. मे २०२१ मध्ये सरकारने चार महिन्यांची बंदी जाहीर केली, तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्षांनीच सांगितलं की बहुतांश माइनिंग विनापरवाना आहे.

कर लावायचा तर किती?

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनी ऑगस्ट २०२४ मध्ये एक आकडा मांडला: युनिटमागे सुमारे ४.७ अमेरिकी सेंट, म्हणजे साधारण चार रुपये. आसपासच्या लोकांच्या आरोग्यावरचा परिणाम धरला तर जवळपास नऊ सेंट. अट एकच, की तो सगळ्या देशांनी मिळून लावावा. एकाने लावला आणि शेजाऱ्याने नाही, तर कंटेनर पुन्हा निघतील.

अमेरिकेत बायडन सरकारने २०२३ मध्ये माइनिंगच्या विजेच्या खर्चावर टप्प्याटप्प्याने ३० टक्क्यांपर्यंत कर सुचवला होता. काँग्रेसने तो मंजूर केला नाही.

अमेरिकेला आपल्याकडे किती माइनिंग चालतं हे तरी ठाऊक आहे का?

अंदाजाने. सप्टेंबर २०२२ च्या व्हाइट हाऊसच्या अहवालात म्हटलं होतं की देशाच्या विजेपैकी ०.९ ते १.७ टक्के वीज क्रिप्टोला जाते. जानेवारी २०२४ मध्ये ऊर्जा माहिती विभागाने माइनरकडून सक्तीने आकडे मागवायला घेतले. टेक्सासमधली उद्योगसंघटना आणि एक माइनिंग कंपनी कोर्टात गेली आणि मार्चच्या पहिल्याच दिवशी विभागाने पाहणी मागे घेतली. जमा झालेली माहिती नष्ट करायचंही कबूल केलं. सिमेंट किंवा पोलाद कारखान्याने असं केलं असतं तर? वीज मोजू द्यायलाच नकार देणारा उद्योग आपण हिरवे आहोत असं सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याने भुवया उंचावणं स्वाभाविक आहे.

२०२५ मध्ये सरकार बदललं आणि बायडन यांचा क्रिप्टोविषयीचा कार्यकारी आदेशही रद्द झाला. केंद्रीय पातळीवर हा विषय तूर्त मिटल्यात जमा आहे.

न्यूयॉर्कने बंदी घातली असं ऐकलं होतं.

अर्धवट खरं. २२ नोव्हेंबर २०२२ ला सही झालेला तो कायदा दोन वर्षांपुरता होता. तो लागू होता फक्त कोळसा, वायू असं जीवाश्म इंधन जाळणाऱ्या वीजकेंद्रांना, ज्यांना स्वतःची वीज थेट माइनिंगला वापरायची होती. त्यांना नवे परवाने मिळणार नव्हते. ग्रिडवरून वीज घेणारे माइनर मोकळेच राहिले.

त्यामागे सेनेका तलावाकाठच्या ग्रीनिज वीजकेंद्राचा वाद होता. कोळशाचं जुनं केंद्र बंद पडलं, नंतर नैसर्गिक वायूवर पुन्हा सुरू झालं आणि बिटकॉइनसाठी वीज बनवू लागलं. धुराबरोबरच तलावात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्यावरून आसपासचे द्राक्षबागायतदार आणि रहिवासी चिडले. राज्याच्या पर्यावरण विभागाने जून २०२२ मध्ये हवा परवान्याचं नूतनीकरण नाकारलं आणि प्रकरण कोर्टात लांबत राहिलं. मरणपंथाला लागलेलं केंद्र क्रिप्टोमुळे पुन्हा जिवंत होणं हा पर्यावरणाच्या दृष्टीने सर्वांत वाईट प्रकार. त्यामुळे कायद्याने नेमकं तेवढंच लक्ष्य धरलं हे मला पटतं.

टेक्सासमध्ये म्हणे माइनर ग्रिडला मदत करतात?

करतात, आणि त्याचे पैसेही घेतात. उकाड्यात मागणी वाढली की माइनर मशीन बंद करतो. दवाखाना किंवा कारखाना काही मिनिटांत बंद करता येत नाही, माइनिंग येतं. हा गुण खरा आहे. पण ऑगस्ट २०२३ मध्ये रायट या माइनिंग कंपनीला वीज न वापरल्याबद्दल आणि आगाऊ घेतलेली वीज परत दिल्याबद्दल ३ कोटी १७ लाख डॉलरची जमा मिळाली. त्या महिन्यात तिने काढलेल्या नाण्यांची किंमत ९० लाख डॉलरच्या आसपास होती. माइनिंग हा जोडधंदा झाला आणि माइनिंग न करणं हा मुख्य. त्याच टेक्सासने २०२३ मध्येच ७५ मेगावॅटपेक्षा मोठ्या माइनिंग केंद्रांना नोंदणी सक्तीची केली.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने वेगळा विचार केला. तिथे जवळपास सगळी वीज पाण्यावरची, म्हणजे स्वच्छ. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये नव्या माइनिंग जोडण्या १८ महिने थांबवल्या. रांगेतल्या २१ प्रकल्पांची मागणी १,४०३ मेगावॅट होती, आणि सरकारचं म्हणणं होतं की ही वीज गाड्या आणि घरं विजेवर आणायला हवी आहे.

म्हणजे जलविद्युत असली तरी माइनिंग हरित नाही?

ती वीज नाहीतर कुठे गेली असती, यावर ते ठरतं. भूतान पाहा. तिथली सरकारी गुंतवणूक कंपनी ड्रुक होल्डिंग नद्यांच्या विजेवर बिटकॉइन काढते. उन्हाळ्या-पावसाळ्यात पाणी मुबलक असतं, जास्तीची वीज भारताला विकली जाते. हिवाळ्यात नद्या आटतात आणि भूतान भारताकडून वीज विकत घेतो. आपल्या ग्रिडवरची बहुतेक वीज अजून कोळशाची आहे. त्यामुळे पावसाळ्यातलं भूतानी नाणं आणि जानेवारीतलं भूतानी नाणं सारखं हिरवं धरता येत नाही.

भारतात याबद्दल नियम काय आहे?

पर्यावरणाच्या नावाने एकही नाही. जून २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम वगैरे उद्योग आहेत, माइनिंग नाही. क्रिप्टोवर बंदीही नाही. बँकांना क्रिप्टो व्यवहारांसाठी सेवा द्यायला मनाई करणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं.

पण आयकर कायद्याने, बहुधा मनात नसताना, पर्यावरणाचं काम करून टाकलं आहे. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या उत्पन्नावर ३० टक्के कर आहे आणि त्यातून ‘संपादनाचा खर्च’ सोडून काहीही वजा करता येत नाही. माइनिंगची यंत्रसामग्री हा संपादनाचा खर्च नाही, असं सरकारने संसदेत स्पष्ट केलं. विजेचं बिलही वजा होत नाही.

आता एका मशीनचा हिशेब मांडू. २०० टेराहॅशचं, म्हणजे सेकंदाला २०० लाख कोटी अंदाज मारणारं, अँटमायनर एस-२१ हे माइनिंग मशीन साधारण ३,५०० वॅट घेतं. दिवसाला ८४ युनिट, महिन्याला २,५२० युनिट. युनिटला दहा रुपये धरा: बिल २५,२०० रुपये. समजा महिन्यात ३०,००० रुपयांची नाणी मिळाली. हातात राहिले ४,८०० रुपये. पण कर लागणार पूर्ण ३०,००० वर, म्हणजे ९,००० रुपये आणि वर उपकर. धंदा महिन्याला चार हजारांहून जास्त तोट्यात, शिवाय मशीनची किंमत वेगळी. आपल्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर त्याच महिन्यात पावणेदोन टन उत्सर्जन झालं. भारतात मोठं माइनिंग उभं राहिलं नाही याचं मोठं कारण मला या गणितात दिसतं.

याचा तोटाही आहे. जो कर फेडतो तोच मरतो. जो वीज चोरतो त्याला हे गणित लागूच नाही.

घरच्या मीटरवर एखादं मशीन लावलं तर?

आवाज व्हॅक्युम क्लीनरसारखा, चोवीस तास. सोसायटीत टिकणार नाही. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर घरगुती जोडणी धंद्यासाठी वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो, आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. आकडा टाकला किंवा मीटरमध्ये फेरफार केला तर कलम १३५, म्हणजे सरळ वीजचोरीचा गुन्हा. मंजूर भारापेक्षा जास्त ओढलं की वायर तापते ते वेगळंच.

साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीवर माइनिंग केलं तर ते हरित नाही का?

हा प्रश्न इचलकरंजी-बारामतीकडून हमखास येतो. चिपाडावरची वीज स्वच्छ धरली जाते, मान्य. पण ती आज ग्रिडला विकली जाते आणि तेवढा कोळसा वाचतो. माइनिंगकडे वळवली की तो कोळसा पुन्हा जाळावा लागणार. दुसरी अडचण व्यवहाराची: गाळप हंगाम चार-पाच महिन्यांचा आणि मशीन जुनं व्हायला तीन-चार वर्षं पुरतात. उरलेले महिने ते बंद ठेवून परवडत नाही, मग ग्रिडची वीज घेणं आलंच. ग्रिड घेऊच शकत नाही अशी वीज खरोखर वाया जात असेल, तर गोष्ट वेगळी. तशी ती किती आणि केव्हा, हे कागदावर दाखवावं लागेल.

जुन्या मशीनचं पुढे काय होतं?

या मशीनला दुसरं काही काम येत नाही. गेम खेळता येत नाही की एआय चालवता येत नाही. २०२१ च्या एका अभ्यासाने वर्षाला सुमारे ३० हजार टन ई-कचरा सांगितला, केंब्रिजने २०२४ साठी अवघे २,३०० टन. इतकी तफावत पडते कारण पहिल्याने मशीनचं आयुष्य सव्वा वर्ष धरलं, तर केंब्रिजने माइनरनाच विचारलं, आणि त्यांच्या सांगण्यानुसार बहुतेक मशीन विकली किंवा पुनर्वापरात जातात. खरं कुठेतरी मधे असावं. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा, भंगारवाल्याकडे नाही.

मी माइनिंग करत नाही, फक्त थोडी नाणी घेतलेली आहेत. माझा संबंध काय?

थेट वीज तुमच्यामुळे जळत नाही, पण भाव टिकतो तो घेणाऱ्यांमुळे, आणि भावावर माइनिंग चालतं. निदान काय घेतो आहोत हे कळावं यासाठी युरोपचा नियम उपयोगी आहे. ३० डिसेंबर २०२४ पासून पूर्ण लागू झालेल्या ‘मायका’नुसार तिथल्या एक्स्चेंजना (क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्यांना) प्रत्येक नाण्याचा हवामानावरचा परिणाम आपल्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. वर्षाला पाच लाख युनिटपेक्षा जास्त वीज घेणाऱ्या नाण्यांसाठी तपशील आणखी जास्त. युरोपातल्या कुठल्याही मोठ्या एक्स्चेंजच्या पानावर ही माहिती उघडून बिटकॉइन आणि इथेरियमचे आकडे शेजारी ठेवून पाहता येतात. भारतीय एक्स्चेंजवर अशी सक्ती नाही.